उत्तरेचा पट्टा, पूर्वेचा वाफा आणि गच्ची : पुण्यातल्या एका घरबागेच्या नोंदी

४ मे

घर पूर्वाभिमुख, तळमजला आणि वर एक मजला. गच्चीच्या कठड्यासकट उंची २२ फूट. पूर्वेला १२ फूट खोल अंगण. उत्तरेला घराची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये ५ फूट रुंद, १८ फूट लांब पट्टा. दक्षिण-पश्चिमेला फरशी, तिथे काही करायचं नाही. गच्ची मोकळी, पश्चिम कोपऱ्यालगत रस्त्याचा दिवा. घरच्यांची मागणी अशी: फुलं हवीत, निगा बेताची हवी. घरात लहान मूल आहे आणि एक कुत्रा.

मूल आणि कुत्रा यांच्यामुळे यादी आधीच छाटली जाते. कण्हेर आणि बिट्टी बाद; दोन्ही सर्वांगाने विषारी. डिफेनबाकिया बाद, पान चावलं तर तोंड आणि जीभ सुजते. अॅग्लोनेमा, मनीप्लांट, सिंगोनियम हेही त्याच कुळातले, त्यांच्यातही तेच टोचणारे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. ते हवेच असतील तर हात पोचणार नाही अशा उंचीवर. अडेनियम (फुगीर बुंध्याचं फुलझाड) याचा चीक विषारी, तो फक्त गच्चीवर आणि जिन्याचं दार बंद राहणार असेल तरच.

१३ मे

उन्हाची नोंद. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे १३-१४ मेच्या सुमाराला दुपारी साडेबाराला सूर्य बरोबर माथ्यावर येतो. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणून आज उत्तरेच्या पट्ट्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन आहे. मे महिन्यात जागा बघायला आलेला माणूस या पट्ट्यावर 'भरपूर ऊन' असा शेरा मारतो आणि तिथे जास्वंद, गुलाब लावून मोकळा होतो. दिवाळीनंतर तीच झाडं उंच, लांबट होतात, पानं पातळ पडतात, कळी धरत नाही, आणि मग खताला दोष दिला जातो.

घराच्या २२ फूट उंचीवरून मध्यान्हीची सावली उत्तरेकडे किती पडेल, याचा हिशोब:
१३ मे: जवळजवळ शून्य.
१५ ऑगस्ट: पावणेदोन फूट.
१ सप्टेंबर: ४ फूट.
२३ सप्टेंबर: साडेसात फूट.
२२ डिसेंबर: २० फूट.

म्हणजे ५ फुटांचा पट्टा सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पूर्ण सावलीत जातो आणि एप्रिल लागेपर्यंत बाहेर येत नाही. पूर्वेच्या अंगणात मात्र वर्षभर फारसा फरक नाही: कुंपणालगतच्या कडेला सकाळी आठपासून एक-दोन वाजेपर्यंत ऊन, हिवाळ्यात त्यात तासाभराची घट. जागेचा भाव सांगायचा तर पूर्व सगळ्यात भरवशाची, गच्ची सगळ्यात कडक, उत्तर सगळ्यात फसवी.

२० मे

निवड.

पूर्वेचा वाफा (१६ फूट लांब, २ फूट रुंद): तांबडा एक्झोरा (झुबक्यांनी फुलणारं झुडूप) ६, दोन फुटांच्या अंतराने, दोन्ही टोकांना देशी जास्वंद, पुढच्या ओळीत बुटकी पांढरी तगर. अनंताचा विचार सोडला. त्याच्या आवडीनिवडी एक्झोऱ्यासारख्याच, पण नखरे दुप्पट.

उत्तरेचा पट्टा: कुंपणाकडेला रॅपिस पाम ५, मध्ये नेफ्रोलेपिस फर्न, नळाजवळच्या ओलसर कोपऱ्यात कॅलाथिया (नक्षीदार पानांचं सावलीतलं झाड). तिन्ही माणसा-कुत्र्याला बिनधोक. कॅलाथिया बाकी पट्ट्यात लावणार नाही, कारण मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पानांच्या कडा करपतात आणि त्यावर पाणी हा उपाय नाही.

गच्ची: बोगनवेल ४, त्यांतली एक 'मेरी पामर' (एकाच वेलीवर पांढरे आणि गुलाबी दोन्ही झुबके) आणि एक 'थिम्मा' (तेच रंग, पण पानांवर पिवळसर डाग, त्यामुळे फुलं नसतानाही शोभते), अडेनियम ३, हिवाळ्यासाठी शेवंती १२ कुंड्या.

२६ मे

पूर्वेच्या वाफ्याची माती. वरची सहा इंच काळी, खाली बांधकामाचा राडारोडा. व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर भिंतीलगतची माती फसफसली, म्हणजे चुन्याचा अंश भरपूर. निचऱ्याची चाचणी: एक फूट खोल खड्डा, पाण्याने भरला, जिरू दिला, पुन्हा भरला. दुसऱ्या भरण्याचं पाणी चार तासांत जिरायला हवं. इथे संध्याकाळपर्यंत निम्मं तसंच. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात चांगली माती भरली तर पावसाळ्यात त्याची बादली होते: आजूबाजूचं पाणी आत येतं, बाहेर जात नाही. म्हणून खाली न जाता वर जायचं. नऊ इंच उंच विटांची कड, खालची माती कुदळीने फोडून ढिली, राडारोडा वेचून बाहेर.

भरण: १६ × २ × पाऊण फूट, म्हणजे २४ घनफूट. बसल्यावर माती पाचव्या हिश्शाने दबते, म्हणून ३० घनफूट धरले. प्रमाण घमेल्याने: लाल माती ४, कुजलेलं शेणखत ३, कोकोपीट २, जाडी वाळू १. यावर प्रत्येक झाडाच्या जागी दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून साधारण ६०-७० लिटर होते. ती दोनदा पाणी बदलून धुतली, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं आणि न धुता वापरलं तर कोवळ्या मुळांची टोकं जळतात. शेणखत हातात घेऊन हुंगायचं: मातीचा वास आला तर घ्या, अमोनियाचा आला तर परत पाठवा. कच्च्या शेणखतात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, तीही सोबत विकत मिळते.

भिंतीच्या गिलाव्याला आतून जाड प्लास्टिकचा पडदा लावला. गिलाव्यातला चुना पावसाबरोबर वाफ्यात उतरतो आणि एक्झोऱ्याला तोच नको असतो.

२ जून

रोपांची खरेदी, पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूला. तिथे एका रांगेत इतक्या रोपवाटिका आहेत की भाव आणि दर्जा दोन्ही पारखता येतात.

निवडताना फुलं बघायची नाहीत, पिशवी उलटी करून मुळं बघायची. पांढरी टोकं दिसली तर रोप चालू आहे. तपकिरी मुळांचं वेटोळं पिशवीच्या तळाशी बसलं असेल तर ते वर्षभर अडकलेलं रोप. मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे मुळांवरचा पिठ्या ढेकूण (रस शोषणारी कीड). असं रोप स्वस्तातही घेऊ नये. पानांच्या मागची बाजू आणि शेंड्याची बेचकी बघायची.

फुलांनी लगडलेली, वीतभर उंचीची रंगीत संकरित जास्वंद समोर ठेवलेली असते. अनेकदा तिला वाढरोधक दिलेलं असतं. त्याचा असर ओसरला की झाड भराभर उंच होतं आणि फुलं कमी वाटू लागतात. कुंडीत हौसेला ठीक, वाफ्यात देशी एकेरी लालच बरी.

रोपवाटिकेतली बरीच झाडं चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतात. तो गोळा मोकळ्या मिश्रणात तसाच ठेवला तर भोवतीची माती ओली आणि गोळा आतून कोरडा राहतो, किंवा उलटं. लावणीआधी अर्धा तास बादलीत बुडवून बाहेरचा एक तृतीयांश गोळा हलक्या हाताने धुऊन काढायचा. बोगनवेल याला अपवाद: तिची मुळं नाजूक, गोळा फुटला तर महिनाभर रुसते. तिची पिशवी ब्लेडने कापून गोळा अखंड ठेवायचा.

सगळी रोपं दोन आठवडे मागच्या फरशीवर वेगळी ठेवली. शेडनेटखाली वाढलेली पानं उन्हाला आणायची तर पायरीपायरीने: आधी फक्त सकाळचं ऊन, मग दुपारपर्यंत.

१६ जून

पाऊस धरला. पूर्वेचा वाफा आणि उत्तरेचा पट्टा लावून झाला. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच वाफ्यात. खोड एक इंच जरी जास्त पुरलं तरी पावसाळ्यात सालीला कुज लागते. उत्तरेच्या पट्ट्यावर ५० टक्के शेडनेट तात्पुरती ताणली, कारण ढग नसतील त्या दिवशी ऊन थेट फर्नवर येतं. एप्रिलपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे पट्ट्यात ऊन असेल तेवढाच काळ, तिथे नेट लागेल.

गच्चीच्या कुंड्या. १२ इंची कुंडीत मिश्रण साधारण १५ लिटर आणि ओलं वजन २० किलोच्या आसपास. त्या मधोमध न ठेवता खालच्या भिंतींच्या रेषेवर, लोखंडी तिवईवर. खाली हवा खेळली तर जलरोधक थर ओला राहत नाही. ताटल्या पावसाळ्यात काढून टाकल्या: साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास होतात.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालण्याची पद्धत इथे पाळलेली नाही. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, थरावरच लोंबकळत राहतं, आणि मुळांना ओल तेवढी वर सरकते. भोकावर कौलाचा एक तुकडा पुरतो.

८ जुलै

शेवंतीची छाटकलमं. तीन-साडेतीन इंचाचे कोवळे शेंडे, कळी नसलेले, खालची पानं काढून, सांध्याच्या लगेच खाली धारदार ब्लेडने कापले. धुतलेली वाळू आणि कोकोपीट समसमान. मुळं फुटायला पंधरा ते वीस दिवस. पिशवीने झाकायचं नाही. या हवेत झाकलं की बुरशी.

जाती: राजा, झिप्री, सोनाली तारा या हारफुलांच्या जाती शेतात छान, पण कुंडीत पसरट आणि लोळणाऱ्या. कुंडीसाठी बुटक्या, बारीक फुलांच्या घेतल्या. लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेंडा न खुडता, काठी न लावता आपोआप गोल होणाऱ्या जाती काढल्या आहेत. निगा बेताची हवी असेल त्या घराला त्या मिळाल्या तर त्याच.

२९ जुलै

अडेनियम. सलग पाऊस, तिन्ही कुंड्या जिन्याच्या छपराखाली. बुंधा अंगठ्याने दाबून बघायचा. कडक असेल तर ठीक. सगळीकडून एकसारखा किंचित मऊ असेल तर तहानलेला आहे. एकाच जागी मऊ, काळसर आणि ओला लागला तर कुज. एकाच्या बुंध्याला बाजूला नाण्याएवढी कुज दिसली. ती निर्जंतुक सुरीने पांढरा निरोगी भाग दिसेपर्यंत खरवडून काढली, गंधकाची भुकटी लावली, झाड मातीबाहेर काढून सावलीत आठवडाभर उलटं सुकायला ठेवलं. लावायचं मिश्रण: विटांचे वाटाण्याएवढे तुकडे ४, जाडी वाळू ३, कोकोपीट २, गांडूळखत १. कोकोपीट यापेक्षा जास्त झालं की पावसाळा काढणं अवघड. चिकामुळे हातमोजे घालूनच काम.

५ ऑगस्ट

झेंडूचं बी पेरलं. पेरणीपासून फुलापर्यंत साधारण दोन महिने. दसरा कधी आहे ते पाहून मागे मोजायचं. आफ्रिकन झेंडूला तीन आठवड्यांनी शेंडा खुडायचा.

१९ ऑगस्ट

मोठ्या गोगलगायी. फर्नचे नवे कोंब आणि तगरीची साल कुरतडलेली. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून खाली कोबीची पानं ठेवली. सकाळी उचललं की सगळ्या तिथेच सापडतात. हातमोजे घालून मिठाच्या पाण्याच्या बादलीत. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या या घरात वापरायच्या नाहीत, कुत्रा त्या खाऊ शकतो आणि त्या जिवावर बेतणाऱ्या आहेत. मीठ थेट वाफ्यात टाकणंही नको.

शेवंतीचा पहिला शेंडा खुडला, पाच-सहा पानं ठेवून. ८ इंची कुंड्यांत हलवली.

१६ सप्टेंबर

एक्झोऱ्याची भिंतीकडची दोन झाडं पिवळी. नवी पानं फिकट पिवळी, शिरा हिरव्या. जुनी पानं ठीक. ही खूण लोहाच्या कमतरतेची. नत्र (नायट्रोजन) कमी असतं तेव्हा उलट होतं, जुनी पानं आधी आणि सरसकट पिवळी पडतात. ही दोन चित्रं वेगळी ओळखता आली पाहिजेत, कारण लोहाच्या पिवळेपणावर युरिया दिला की झाड आणखी भराभर नवी पानं काढतं आणि तीही पिवळीच येतात.

मातीत लोह नाही असं नाही; चुन्यामुळे मातीचा सामू (पीएच) चढलाय आणि लोह मुळांना घेता येत नाही. पडदा वाफ्याच्या तळापर्यंत पोचलेला नव्हता, त्या फटीतून गिलाव्याचं पाणी आत आलं. पडदा खाली चार इंच वाढवला.

हिराकस (फेरस सल्फेट) टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. चुनखडीच्या मातीत ते काही दिवसांतच अडकून निरुपयोगी होतं. बाजारात चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं) मुख्यतः दोन प्रकारचं मिळतं. ईडीटीए प्रकार स्वस्त, फवारणीला चालतो, पण सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत टिकत नाही. ईडीडीएचए प्रकार महाग, लालभडक रंगाचा, चढ्या सामूतही टिकतो. मुळाशी द्यायचा तर हाच. प्रत्येक झाडाला ३ ग्रॅम, २ लिटर पाण्यात, ओल्या मातीत, संध्याकाळी. पिवळी पडलेली जुनी पानं पूर्ण सुधारत नाहीत. परिणाम बघायचा तो पुढच्या पालवीत. शिवाय दर महिन्याला चिमूटभर गंधक; ते मातीतल्या जिवाणूंमार्फत काम करतं, म्हणून सावकाश.

बोअरचं पाणी जड असलेल्या घरात हाच त्रास वाफ्यात सगळीकडे होतो. किटलीच्या तळाला पांढरा थर बसत असेल तर एक्झोऱ्याला आणि अनंताला पन्हाळीखालच्या पिंपातलं पावसाचं पाणी राखून ठेवावं.

शेवंतीचा शेवटचा शेंडा आज खुडला. यानंतर खुडलं तर कळी पुढे जाते.

३० सप्टेंबर

बोगनवेल. पावसाळ्यातल्या लांब, काटेरी, बिनफुलांच्या फांद्या एक तृतीयांश कापल्या. रंग असतो तो पानांचा, आतली पांढरी नळी हे खरं फूल. पण त्या रंगीत पानांना फुटायला कोवळ्या फांद्यांची टोकं लागतात, म्हणून ही छाटणी. पाऊस थांबल्यावर पाणी तोडायचं. पानं दुपारी मलूल होऊन संध्याकाळीही सावरली नाहीत की मग कुंडीभर पाणी, पुन्हा तोडायचं. अशा दोन-तीन फेऱ्यांत कळ्या दिसतात. रोज थोडं थोडं पाणी आणि शेणखताची रेलचेल असलेली बोगनवेल हिरवीगार राहते, बस्स. मोठ्या कुंडीत हलवण्याचा मोह आवरावा. मुळं घट्ट झालेली बोगनवेल जास्त फुलते.

१० ऑक्टोबर

शेवंतीच्या दहा कुंड्या गच्चीच्या पश्चिम कोपऱ्यातून पूर्वेला, टाकीच्या आडोशाला हलवल्या. तुलनेसाठी दोन तिथेच रस्त्याच्या दिव्याखाली. शेवंतीला कळी धरायला रात्र मोठी तर हवीच, पण सलग अंधाराचीही हवी. मध्यरात्रीचा उजेड पानांवर पडला की झाडाच्या लेखी रात्र दोन तुकड्यांत मोडते.

१८ ऑक्टोबर

ऑक्टोबरची उष्णता. जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण, खालच्या पानांवर चिकटा, आणि खोडावर मुंग्यांची रांग. मुंग्या त्या चिकट्यासाठी पिठ्याला राखतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात. म्हणून आधी मुंग्या. खोडाला चिकट पट्टी लावली, भिंतीला टेकलेल्या फांद्या कापल्या, नाहीतर मुंग्यांना तोच पूल.

मग जोरदार पाण्याचा फवारा, पानांच्या मागून. ते वाळल्यावर संध्याकाळी कडुनिंबाचं तेल ५ मिली, द्रव साबण २ मिली, १ लिटर पाणी. साबण आधी तेलात घोटायचा, मग थोडंथोडं पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या झाडाची पानं जाळतं. एका फवारणीत काम होत नाही, कारण कापसासारख्या पिशवीतल्या अंड्यांना औषध लागत नाही. सहा-सात दिवसांच्या अंतराने तीनदा. फार गुंतलेले शेंडे कापून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकले, खतखड्ड्यात नाही.

जास्वंदीला हाडांचा चुरा घालण्याची सवय इथे थांबवली. तिला स्फुरद (फॉस्फरस) कमी आणि पालाश (पोटॅश) जास्त लागतं; जास्तीचं स्फुरद उलट लोहाला अडवतं. दर पंधरा दिवसांनी ०:०:५० (नत्र आणि स्फुरद नसलेलं पालाशचं खत), लिटरला १ ग्रॅम.

१२ नोव्हेंबर

टाकीमागच्या शेवंतीला वाटाण्याएवढ्या कळ्या. बारीक फुलांच्या जातींत झुबक्याची मधली एक कळी काढली की बाकीच्या एकदम उमलतात; मोठ्या एकेका फुलासाठी याच्या उलट, मधली ठेवून बाजूच्या सगळ्या काढायच्या. दिव्याखालच्या दोन कुंड्या उंच, गर्द हिरव्या, एकही कळी नाही.

कळीला रंग दिसला की खत बंद. शेंड्यांवर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड). साबणाच्या पाण्याची एकच फवारणी, फुलं उमलायच्या आत.

२२ डिसेंबर

दुपारी साडेबाराला घराची सावली कुंपण ओलांडून शेजारच्या आवारात गेलेली. उत्तरेच्या पट्ट्यात दिवसभर थेट ऊन नाही. रॅपिस आणि फर्न तजेलदार. पाणी आठवड्यातून दोनदाच. पट्ट्यातली माती बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत ओली असेल तर तेही नाही. उन्हाळ्याच्या सवयीने रोज पाणी घातलं तर या थंड सावलीत रॅपिसची मुळं कुजतात आणि पानांची टोकं तपकिरी होतात. ती पाहून माणूस आणखी पाणी घालतो.

एक्झोऱ्याची नवी पालवी हिरवी. अडेनियमची पानगळ सुरू. थंडीत हे अपेक्षित, पाणी पंधरा दिवसांतून एकदा.

११ जानेवारी

शेवंती भरात. दिव्याखालच्या दोनपैकी एकीला आता कुठे चार कळ्या, दुसरीला नाहीच. एम्प्रेस गार्डनमधलं जानेवारीचं पुष्पप्रदर्शन बघून कुंडीतल्या शेवंतीच्या जातींची नावं लिहून घेता येतात. रोपवाटिकेत बहुतेक वेळा फक्त 'पिवळी' आणि 'जांभळी' मिळते.

बहर संपला की झाड जमिनीपासून चार-पाच इंचांवर कापायचं, कुंडी अर्ध्या उन्हात ठेवायची. बुडाशी फुटणारे धुमारे हीच जुलैची कलमं. मार्चपासून पानांच्या मागे लाल कोळी येतो: पान धुळकट, बारीक ठिपक्यांचं दिसतं, आणि पांढऱ्या कागदावर झटकलं की हलणारे कण पडतात. दर तीन दिवसांनी पानांच्या मागे पाण्याचा फवारा. मेमध्ये धुमारे वेगळे करून ४ इंची कुंड्यांत, प्रत्येक जातीला रंगाची चिठ्ठी बांधून. फुलाविना शेवंतीच्या जाती ओळखता येत नाहीत.